कोरी बाटली

पहाटे चारला हेर्मेलिंदा दार वाजवत नाही,
नुसती खोकते. मी उठतो.
खेचराच्या पाठीवर थंडपेटी, दोर, मीटर,
एकवीस रिकाम्या बाटल्या, आणि बाविसावी,
जिच्यात आधीच पाणी आहे, लिमाहून आलेलं, शुद्ध,
कुठल्याच डोंगराचं नसलेलं.
ती दिवसभर आमच्यासोबत हिंडते.
प्रत्येक थांब्यावर तिचं झाकण मिनिटभर उघडायचं, परत लावायचं,
म्हणजे शेवटी कळावं
घाण नदीची की आमच्या हातांची.

पहिला थांबा खाणीच्याही वर.
या झऱ्याला सगळे पुका याकू म्हणतात, तांबडं पाणी.
दगड गंजलेल्या पत्र्यासारखे.
सामू पाच पूर्णांक दोन.
हेर्मेलिंदा आकडा मोठ्याने वाचते, मी लिहितो,
ती खांद्यावरून पाहते, पाचाचं पोट नीट वळलंय का.
मागे माझा एक सातासारखा दिसला होता.
त्या एकावर कंपनीने तीन महिने काढले.

गाळाच्या धरणाखाली विहीर क्रमांक चार.
विहीर कसली, जमिनीत खोचलेली नळी,
डोक्यावर कुलूप. किल्ली कंपनीची,
किल्लीसोबत आलेला पोरगा मात्र गावचाच,
सातुर्निनाचा धाकटा. हेल्मेटखालून आमच्याकडे बघत नाही.
दोर सोडला. खाली पाणी लागलं तशी
चक्रीतून शिट्टी वाजली: अकरा मीटर चाळीस.
गेल्या वर्षी नऊ होतं.

मग उपसायचं. नळीत साचलेलं आधी तीनदा काढून टाकायचं;
ते फार दिवस एकटं राहिलेलं असतं,
कुणाबद्दल काहीही सांगेल.
दुसऱ्या खेपेला पोराने, न विचारता,
पंपाचा दांडा माझ्या हातून घेतला.
तिसऱ्या खेपेचं पाणी गार आलं,
वास खिळे भिजवल्यासारखा.
त्यालाही आला असणार. त्याने कुलूप लावलं.

मार्चच्या सभेत कंपनीचा वकील छान हसून म्हणाला होता,
नाव तुमच्याच पूर्वजांनी ठेवलं, तांबडं पाणी,
मग नावं आम्हाला का ठेवता?
डोंगरच तसला.
सगळे गप्प. खरंच होतं ते, निम्मं तरी.
तेव्हा मागच्या बाकावरून सातुर्निना उठली,
मांडीवरची लोकर पायांत लोंबकळत,
आणि नावं घेत घेत नदी उतरू लागली:
पुका याकू, तांबडं पाणी. बरोबर, साहेब.
त्याखाली हंपातु पुक्यू, बेडकांचा झरा.
वल्याता कोचा, हंसांचं तळं.
आणि माझ्या दारापुढे चाल्वा मायू,
माशांची नदी.
तांबडं होतं तेवढ्यालाच तांबडं म्हटलंय.
मग खाली बसली आणि लोकर गुंडाळू लागली.
वकिलाने लिहून घेतलं नाही.
माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर आहे.

चाल्वा मायूवर आम्ही दुपारी पोचतो.
सामू तीन पूर्णांक आठ.
हेर्मेलिंदा गुडघाभर पाण्यात उभी राहून एकेक दगड उलटते.
दगडमाशीच्या अळ्या: मागच्या खेपेला दोन,
आज रकाना मोकळा.
तरी प्रत्येक दगड ती होता तसाच परत ठेवते,
ओली बाजू खाली,
कुणाचं घर उघडं पडू नये तसा.

आम्लाचे दोन थेंब, चिठ्ठी, बर्फ.
ट्रक उद्या जाईल, उत्तर चाळीस दिवसांनी.
चढावर तहान लागते. आपलं पाणी केव्हाच संपलंय.
हेर्मेलिंदा पेटी उघडून बाविसावी उन्हात धरते,
आरपार बघते बराच वेळ,
आणि हसते: दिवसभरातलं सगळ्यात चांगलं पाणी, बघ,
आणि एक घोट घ्यायची सोय नाही.

झाकण घट्ट करून ती माझ्याकडे देते.
चिठ्ठी राहिली होती.
तारीख, वेळ, दोघांच्या सह्या.
ठिकाण, या रकान्यापाशी
पेन जरा थांबतं.